सुदामभाऊ जिवंत आहेत

वाशिम जिल्हा पाहायला म्हणून कोणी जात नाही. लोक तिथून पुढे जातात. कोणी नांदेडला, कोणी शेगावला. मी वाशिम शहरात जन्मलो, तिथेच शाळा शिकलो, पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून नोकरी केली आणि बायको गेल्यावर नाशिकला मुलाकडे राहायला आलो. त्यानंतर माझ्यासाठीही तो जिल्हा वाटेतलाच झाला होता. गेल्या दोन हिवाळ्यांत मात्र मी तिथे दोनदा गेलो. पहिल्यांदा फोटो काढायला, दुसऱ्यांदा त्यातल्या एका फोटोने जे केलं ते निस्तरायला. हे वर्णन दुसऱ्या प्रवासाचं आहे. पण ते समजायला आधी माझा उद्योग सांगावा लागेल.

निवृत्त माणसाने कमी खर्चात करण्यासारखा तो उद्योग आहे. मुलाने टाकून दिलेला जुना कॅमेरा, फुकटात मिळणारं फोटो सुधारण्याचं ॲप आणि घरचं इंटरनेट. फोटो विकणाऱ्या संकेतस्थळावर खातं उघडायला काही पडत नाही. आपण फोटो चढवायचे, ते तपासून घेतात किंवा नाकारतात, आणि जगात कोणालाही हवा असला की तो थोडेसे पैसे देऊन उतरवून घेतो. आपल्या वाट्याला त्यातला चिमूटभर भाग येतो. माझे पहिले कितीतरी फोटो नाकारले गेले. सूर्यास्त, गुलाब, गोदावरीचा घाट. असले फोटो त्यांच्याकडे ढिगाने पडलेले असतात.

मग माझ्या लक्षात आलं की माणसांचे फोटो खपतात, त्यातही म्हाताऱ्या माणसांचे आणि खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांचे. आणि खपणं फोटोपेक्षा त्याखाली लिहिलेल्या शब्दांवर अवलंबून असतं. घेणारा शब्द टाकून शोधतो. तो ‘बाई’ असा शब्द टाकत नाही. ‘एकटी’, ‘गरीब’, ‘निराधार’ असे टाकतो. मी ते शिकलो. त्यासाठीच पहिल्यांदा वाशिमकडे गेलो, मालेगाव, केनवड, मानोऱ्याकडचे तांडे असा फिरलो आणि कॅमेरा भरून आणला.

केनवडच्या पुढे आत गेलेल्या एका गावात पंचफुलाबाईंचा फोटो काढला. गावाचं नाव लिहीत नाही आणि माणसांची नावं बदलली आहेत. माझ्यामुळे ती आधीच पुरेशी चव्हाट्यावर आली. सकाळची वेळ होती. बाई ओट्यावर बसल्या होत्या, पांढरं लुगडं, तिरकं ऊन, आणि नजर गल्लीच्या टोकाला लागलेली. माझ्यासाठी चहा टाकायचा होता, घरात दूध नव्हतं, आणि त्यांचे यजमान सुदामभाऊ दूध आणायला गेले होते. त्यांचीच त्या वाट पाहत होत्या. सुदामभाऊ आले, मी त्यांच्याबरोबर चहा घेतला, त्यांना माझा नंबर दिला, आणि फोटो विकण्याच्या परवानगीचा इंग्रजी कागद पुढे करून ‘फोटो काढल्याची खूण आहे, इथं सही करा’ असं सांगून बाईंची सही घेतली. विकणार आहे हे बोललो नाही.

काही महिन्यांनी नाशिकला बसून तो फोटो चढवला. संकेतस्थळ आपणहून काही शब्द सुचवतं. त्याने वृद्ध, स्त्री, खेडं, उंबरठा असे शब्द सुचवले. मी फोटोकडे पाहिलं. कपाळावर कुंकू नव्हतं. मी लिहिलं, ‘एकाकी विधवा, वाट पाहताना’. माझ्या घशाखाली त्या घरचा चहा उतरला होता, त्यासाठी दूध आणणारा नवरा मी पाहिला होता, आणि बोटांनी मात्र ते लिहून टाकलं. यंत्राला जे दिसलं नव्हतं ते मी त्यात घातलं.

पोळ्याच्या सुमारास फोन आला.

“फोटूवाले बोलून राह्यले का?”

“हो. आपण?”

“मी सुदाम. केनवडकडचा. मेलो ना मी, मालेगावच्या स्टँडवर.”

मला काही समजेना. मग त्यांनी सांगितलं. कुठल्याशा संस्थेने निराधार बायांसाठी मदत मागणारा मोठा फलक लावला होता. त्यावर पंचफुलाबाई, आणि खाली अक्षरं, ‘ते गेले. आता हिचं कोण?’ त्या संस्थेची चूक नव्हती. माझ्या शब्दांवर विश्वास ठेवून त्यांनी तो फोटो रीतसर विकत घेतला होता.

“भाच्यानं पाह्यलं,” सुदामभाऊ म्हणाले. “रडत आला घरी. मी दाराशी बीडी ओढून राह्यलो होतो. मले पाहून अजून रडला.”

मी माफी मागितली, तासाभरात फोटो काढून टाकला, आणि त्यानंतर त्यांचा फोन उचलला नाही. आला की मोबाइल उशीखाली ठेवायचो. दिवाळीनंतर त्यांनी आवाज रेकॉर्ड करून पाठवला, तो मी बऱ्याच दिवसांनी ऐकला. “फोटूवाले, बाकी काही नाही. बाई इहारात जात नाही आता. लोकं म्हन्तात, पैशापायी नवऱ्याले मेला सांगतलं. तुमी एक डाव येऊन सांगून जा. एक डाव.” इहार म्हणजे विहार.

आमच्या घरी माझ्या बायकोचा फोटो आहे. सवाष्ण गेली म्हणून सून सणावाराला त्या काचेवर कुंकू लावते. त्या संक्रांतीला ती कुंकू लावत होती आणि मी समोर बसलो होतो. दुसऱ्या दिवशी मी सुदामभाऊंना येतो म्हणून कळवलं आणि बसचं तिकीट काढलं. कॅमेरा घरी ठेवला.

मालेगाव

जहांगीरचं मालेगाव सांगावं लागतं, नाहीतर नाशिकची माणसं आपल्या मालेगावाला पोचवतात. मला तिकीट देणाऱ्यानेही तसंच केलं होतं आणि ते बदलून घेण्यात निम्मी सकाळ गेली होती. हे मालेगाव म्हणजे वाशिम रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. स्टँडच्या बाहेर बी-बियाण्यांची दुकानं, तुरीची पोती लादलेले ऑटो, एका मोटारसायकलवर तीन माणसं आणि चौथी बकरी. हवेत तुरीच्या भुशाची धूळ. ती नाकात गेली आणि मला आपण घरी आल्यासारखं वाटलं. तसं वाटायचा हक्क मला आहे का, हा विचार जरा उशिरा आला.

फलक अजून होता. त्याचा अर्धा भाग एका वाढदिवसाच्या शुभेच्छांनी झाकला होता. कुणा पुढाऱ्याच्या हाताची घडी बाईंच्या खांद्यावर आली होती. पण चेहरा उघडा होता. माझा कुठलाच फोटो मी इतका मोठा पाहिला नव्हता. खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी मला आनंद झाला. ऊन किती बरोबर पडलंय, डोळे किती स्पष्ट आलेत, हे मी पाहिलं. खालची अक्षरं नंतर वाचली.

समोरच्या टपरीवर चहा मागितला. नाशिकला चहा आल्याचा, इथे साखरेचा. टपरीवाल्याने माझी नजर पाहिली.

“काय पाहून राह्यले बाबूजी? ते बाई इकडचीच हाय.”

“हो का?”

“नवरा जिता हाय तिचा. चांगला जिता. मागच्या हप्त्यात इथंच भजे खाऊन गेला.” तो हसला. “पैसे घेतले म्हन्तात फोटूचे. आता पैसा म्हटला का मानूस काय बी करते. नवरा जिता असो का मेला.”

शेजारी बसलेला एकजण म्हणाला, “आपल्या बायकोले सांगू नको बाप्पा, उद्या आपला बी बॅनर लावन.”

सगळे हसले. मीही थोडं हसलो. ते हसू मी लपवू शकलो असतो, पण इथे लिहायला बसलोय तर तेही लिहितो.

“तुमी कुठचे?” टपरीवाल्याने विचारलं.

“पाहुणा आहे,” मी म्हणालो, आणि कप ठेवून केनवडची गाडी पाहायला गेलो.

केनवडच्या पुढे

फाट्यावर सुदामभाऊ उभे होते. डोक्याला मफलर, हातात काठी, पायात मुलाचे जुने बूट.

“या,” ते म्हणाले. “मेलेल्या मानसानं आनायले येनं बरं नाही दिसत, पन दुसरा गडी नव्हता घरी.”

मी त्यांचे पाय धरायला वाकलो. त्यांनी काठी मध्ये धरली. “राहू द्या. तुमी मोठे का मी मोठा, आधी ते ठरवा.” मीच मोठा निघालो.

गावापर्यंतची वाट शेतातून जाते. एका बाजूला हरभरा घाट्यावर आलेला, दुसऱ्या बाजूला कापायला झालेली तूर. सुदामभाऊंनी चालता चालता तुरीच्या शेंगा तोडून माझ्या हातात दिल्या. नाशिकला आम्ही द्राक्षाच्या बागेतून जाताना हात मागे बांधून जातो, मालक पाहत असतो. इथे वाटेवरच्या माणसाने शेंगा खाल्ल्या नाहीत तर त्याचं पोट बिघडलंय असं समजतात. मी शेंगा सोलत त्यांच्यामागून चाललो. ते मेल्यापासूनच्या गमती सांगत होते. बँकेतला ओळखीचा शिपाई त्यांना पाहून उभाच राहिला. मेहुणा मेहकरवरून बायकोला घेऊन रडत आला, आला तसा दोन दिवस राहिला.

“मले वाईट नाही वाटलं,” ते म्हणाले. “मेलो तर मेलो. तिले लागलं. माही बहीनच म्हनली तिले, चारचौघात, का माह्या भावाले जितेपनी इकलं तू.”

“आणि त्या काय म्हणाल्या?”

“काही नाही म्हनली. दुसऱ्या इतवारपासून इहारात जानं सोडलं. पह्यले हेच गाथा सांगे समद्यायले. आता घरात बसून म्हन्ते, हयू हयू, सोताशीच.”

पंचफुलाबाई ओट्यावर नव्हत्या. आत चुलीपाशी होत्या. मला पाहून पाण्याचा तांब्या बाहेर आला, पण त्यांच्या सुनेच्या हाती. नाशिकला पाहुण्याला ‘चहा घेणार ना?’ असं विचारतात. वऱ्हाडात विचारत नाहीत, समोर येतो. आला. रागावलेल्या घरचा चहाही पूर्ण कपभर होता.

संध्याकाळी तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी, ज्वारीची भाकर, ठेचा आणि वर कच्चं तेल. या चवीसाठी मी नाशिकला कितीदा तरी सुनेला त्रास दिला आहे. ती भाजी ताटात होती आणि मी भाकरीचा तुकडा नुसता मोडत बसलो होतो. मी मोबाइल काढला आणि बाईंच्या सुनेला म्हणालो, “आईंना दाखव. फोटो काढून टाकलाय मी. आता तिथं काही नाही.”

आतून पहिल्यांदा बाईंचा आवाज आला. “मले ते दाखू नका. मी कुठं पाह्यलं होतं तवा, का आता नाही हाय ते पाहू. लोकायनं पाह्यलं. लोकायले सांगा.”

“सांगतो. कोणाला सांगू?”

त्या दारात आल्या. फोटोतल्यापेक्षा उंच वाटल्या. “उद्या इतवार हाय. इहारात सांगा. समद्यायच्या समोर. आन् जेवा आधी. अन्नावर राग नसते.”

मग चुलीकडे वळता वळता म्हणाल्या, “माह्या सासूनं कुंकू पुसलं ते छप्पन सालच्या दीक्षेच्या नंतर. सासरा जिता, धडधाकट. सोताच्या हातानं पुसलं तिनं. तवा बी गाव म्हने, हे बाई नवऱ्याले खाते. ते लोकं शिकले नव्हते. तुमी तर शिकलेले हा.”

मला माहीत नव्हतं असं म्हणण्याचीही सोय नव्हती. वाशिमच्या शाळेत माझ्या बाकावरचा मित्र बौद्ध होता. त्याच्या आईने मला कितीदा वाढलं होतं. तिच्या कपाळावर कुंकू नसे आणि त्याचे वडील शेजारी बसून जेवत असत. मला ते तेव्हा वेगळं वाटलं नव्हतं. नंतर कधीतरी मी ते विसरलो, आणि जे खपतं ते लक्षात ठेवलं.

विहार

विहार म्हणजे पत्र्याची एक लांब खोली, निळी कमान, समोर बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, दोन्हीपुढे गावातल्याच झेंडूची फुलं. पुरुष डावीकडे, बाया उजवीकडे. बायांची बाजू भरली होती. सुदामभाऊंनी मला पुढे बसवलं. पंचफुलाबाई आल्या, पण दाराशी चप्पल काढण्याच्या जागेजवळ टेकल्या. कोणी त्यांना पुढे बोलावलं नाही, कोणी सरकलंही नाही.

वंदना झाली. नंतर सुदामभाऊ उठले. “हे नाशिकचे फोटूवाले. मी मेलो असं ज्यायनं सांगतलं ते. त्यायले बोलाचं हाय.”

मी उठलो. रात्री वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यांत एक वाक्य असं होतं की संकेतस्थळ आपोआप शब्द सुचवतं, त्यात गफलत झाली. ते पूर्ण खोटं नव्हतं. ते वाक्य राखून ठेवत मी सांगितलं की फोटो मी काढला, मी विकला, बाईंना एक पैसा दिला नाही, विकणार आहे हे सांगितलंही नाही. इंग्रजी कागदावर सही फसवून घेतली. त्यांनी कोणाला काही खोटं सांगितलेलं नाही. सुदामभाऊंच्या घरी मी त्यांच्याबरोबर चहा प्यालो होतो.

खाली बसावं म्हटलं, तर बायांमधून एक मध्यमवयीन बाई म्हणाली, “ते समजलं. पन इधवा काहून लिवलं? कोनी सांगतलं तुमाले?”

तयार करून ठेवलेलं वाक्य जिभेवर आलं होतं. मी समोर पाहिलं. ओळीने बसलेल्या बाया. काहींनी लहानशी टिकली लावली होती, बाकी साऱ्यांची कपाळं मोकळी. म्हाताऱ्या, सुना, पोरी. त्यातल्या कितीतरींचे नवरे पुरुषांच्या बाजूला बसलेले होते. एवढ्या जणींपैकी प्रत्येकीच्या खाली मी तेच लिहिलं असतं.

“कोणी सांगितलं नाही,” मी म्हणालो. “कपाळावर कुंकू नव्हतं म्हणून लिहिलं.”

बाहेर कुठेतरी मोटर चालू होती तिचा आवाज तेवढा येत होता. मग दाराशी बसलेल्या पंचफुलाबाई बोलल्या.

“तुमची मंडळी हाय का, फोटूवाले?”

“नाही. गेली. चार वर्षं झाली.”

“मंग तुमच्या कपायावर ते कुठं लिवलं हाय? इतक्या दुरून आले तुमी. स्टँडवर, गाडीत, कोनी म्हनलं का, हा पाहा रंडका चालला?”

दोघीतिघी हसल्या, लगेच गप्प झाल्या. मी मान हलवली, नाही म्हणून. त्या शब्दाने मला कोणीच कधी हाक मारली नव्हती. चार वर्षं मी गावोगाव फिरलो, लोकांच्या ओट्यांवर बसलो, आणि माझ्याकडे पाहून कोणाला काही लिहावंसं वाटलं नव्हतं.

सुदामभाऊंची बहीण बायांत दुसऱ्या ओळीत होती. ती कोण, हे मला नंतर कळलं. ती उठली नाही, माफीचं काही बोललीही नाही. बसल्या बसल्या थोडी डावीकडे सरकली, शेजारणीलाही कोपराने सरकवलं, आणि मध्ये एका माणसाची जागा झाली.

“ये व वहिनी,” ती म्हणाली. “तिथं चपलात काय बसली? शेवटची गाथा राह्यली. आमाले पाठ नाही तुह्यावानी.”

पंचफुलाबाई लगेच उठल्या नाहीत. पदर नीट केला, दोघींच्या मधून वाट काढत पुढे गेल्या, बसल्या आणि डोळे मिटून त्यांनी सुरुवात केली. आवाज बारीक होता, पण खोलीच्या मागच्या भिंतीपर्यंत जात होता. माझ्याकडे त्यांनी त्यानंतर पाहिलं नाही.

निघताना सुदामभाऊ म्हणाले, “आता आमा दोघायचा एक फोटू काढा. इकू नका फक्त.”

“कॅमेरा नाही आणला.”

“मंग कायचे फोटूवाले तुमी?” ते खरोखर नाराज झाले. शेवटी सुनेने तिच्या मोबाइलवर आम्हा तिघांचा काढला. बाई मध्ये उभ्या राहायला तयार नव्हत्या, त्या कडेला राहिल्या. त्यात माझे डोळे मिटलेले आहेत. तो फोटो त्यांच्याकडे आहे, मी मागितला नाही.

परत मालेगाव

नाशिकला आल्यावर मी माझे सगळे फोटो उघडून बसलो. निराधार, एकाकी, भुकेला. यातलं मला काय ठाऊक होतं? ज्याला भुकेला लिहिलं होतं तो मुलगा माझ्यासमोर पोटभर जेवून हात पुसत होता. मी ते शब्द काढले. आता फोटोखाली जे दिसतं तेवढंच असतं. ओट्यावर बसलेली बाई. तुरीचं शेत. विक्री जवळपास थांबली आहे, आणि उद्योग स्वस्तातला असल्याने त्याचं कोणाला काही नाही.

पण प्रवास विहारात संपला नव्हता, म्हणून थोडा मागे जातो.

परतीच्या दिवशी मालेगावच्या स्टँडवर उतरलो, तेव्हा माझी अकोल्याची गाडी लागायला वेळ होता. फलक तसाच होता. तो उतरवण्याबद्दल मी त्या संस्थेला कळवलं होतं. उत्तर आलं की नव्या हंगामात बदलतील. त्याच टपरीवर गेलो. टपरीवाल्याने ओळखलं.

“काय पाहुने, झालं का काम?”

“तो फोटो मी काढलाय,” मी म्हणालो.

त्याने गाळणी हातात धरूनच माझ्याकडे पाहिलं. बाकावर दोघेजण होते, त्यांनीही मान वळवली.

“बाईंनी पैसे घेतलेले नाहीत. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. त्यांचे यजमान जिवंत आहेत हे मला माहीत होतं. मी खोटं लिहिलं. त्या दिवशी तुम्ही बोललात तेव्हा मी सांगायला हवं होतं. मी गप्प बसलो.”

टपरीवाल्याने चहा ओतला, कप माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाला, “आता हे मले सांगून काय फायदा बाबूजी? म्या तर इथल्या समद्यायले सांगून बसलो. त्या कोपऱ्यावरच्याले सांगतलं, भजेवाल्याले सांगतलं, पानवाल्याले सांगतलं. अमराईकडच्या हॉटेलात बी तेच चालू हाय.”

“कोपऱ्यावरचा कुठला?”

त्याने गाळणीनेच दाखवलं. मी चहा संपवला. अकोल्याची गाडी फलाटावर येऊन लागली, कंडक्टर दारात उभा राहून नावं ओरडू लागला. मी पिशवी खांद्याला लावली आणि कोपऱ्यावरच्या टपरीकडे चालत गेलो.